कोलेस्टेरॉल उतरवायचं तर आधी वाटण बदला

कोलेस्टेरॉल उतरवायला दूध, तूप, अंडी, मासळी सगळं बंद करून, फक्त वनस्पतीजन्य आहार घेऊन तीन महिने झाल्यावर मी रक्त तपासून घेतलं. सुरुवातीला एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १६८ होतं, ते १७३ निघालं. सिंधुदुर्गातल्या घरात ताटातून बांगडा काढणं म्हणजे काय, हे कोकणी माणसाला सांगायला नको. एवढं करूनही आकडा वर गेला, तेव्हा रिपोर्ट हातात धरून मी लॅबच्या पायरीवर कितीतरी वेळ बसून होते. चूक कुठे होते आहे हे कळायला आणखी दोन महिने गेले. ती सुधारली आणि वर्षभरात एलडीएल १२८ वर आलं. त्याला आता नऊ वर्षं झाली, आकडा त्याच आसपास आहे. तेव्हापासून नात्यातल्या आणि शेजारच्या बऱ्याच घरांत मी हा बदल करून दिला, आणि बहुतेक घरांत चूक तीच सापडली.

पायरी १ : रिपोर्ट नीट वाचा

एकूण कोलेस्टेरॉलकडे बघत बसू नका, एलडीएल बघा. ते १९० किंवा त्याहून जास्त असेल, किंवा घरात कुणाला कमी वयात हार्ट अटॅक आला असेल, तर आधी डॉक्टरांकडे जा. तिथे नुसत्या जेवणाने भागत नाही. चालू असलेली कोलेस्टेरॉलची गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. माझ्या यजमानांची अँजिओप्लास्टी झालेली आहे. ते माझ्याबरोबर हेच जेवतात आणि गोळीही घेतात.

पायरी २ : दूध-तूप थांबवा

फुल क्रीम दुधात ६ टक्के फॅट असतं. अर्धा लिटर दूध पोटात गेलं की ३० ग्रॅम फॅट, त्यातलं जवळजवळ दोन तृतीयांश सॅच्युरेटेड, म्हणजे थंडीत थिजणारं, एलडीएल वाढवणारं फॅट. कोरा चहा आलं-गवती चहा घालून प्या, पंधरा दिवसांत सवय होते.

पायरी ३ : नारळ

इथेच मी अडकले होते. शाकाहार, वनस्पतीजन्य आहार हे शब्द ऐकले की वाटतं, झाडावरचं आहे ना, मग चालेल. मासळी गेली, त्या जागी मी काय आणलं? सोलकढी दोन्ही वेळा. उसळीत दुप्पट वाटण, कारण मासळी नाही तर निदान रस तरी दाट हवा. संध्याकाळी कोऱ्या चहाबरोबर खारी. वर आमच्या नातेवाइकांनी पाठवलेला संदेश, की नारळात कोलेस्टेरॉल नसतं.

नसतंच. पण रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल आपलं यकृतच तयार करतं आणि एलडीएल रक्तातून उचलण्याचं कामही तेच करतं. सॅच्युरेटेड फॅट जास्त झालं की ही उचल मंदावते. थंडीत खोबरेल बाटलीत कसं थिजतं ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे. तेच हे फॅट, आणि खोबरेल तेलात ते तुपापेक्षाही जास्त असतं. तुपात साधारण ६०-६५ टक्के, खोबरेलात ९० टक्क्यांच्या घरात. खोबऱ्याने चांगलं कोलेस्टेरॉलही वाढतं, हे खरं आहे. पण म्हणून एलडीएलचं वाढणं माफ होत नाही.

हिशेब करून बघा. १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात सुमारे ३० ग्रॅम सॅच्युरेटेड फॅट असतं, सुक्यात ५७ च्या आसपास. चार माणसांच्या उसळीला ८० ग्रॅम ओलं खोबरं वाटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला ६ ग्रॅम आलं. वर सोलकढी, पोह्यांवर खोबरं, रात्री पुन्हा आमटीत वाटण. अमेरिकन हार्ट असोसिएशन दिवसाला साधारण १३ ग्रॅमची मर्यादा सांगते. आमच्याकडे ती दुपारच्या जेवणातच ओलांडली जायची.

‘थोडं कमी घाला’ हा सल्ला मला अजिबात मान्य नाही. कमी घातलेलं वाटण पानचट लागतं आणि आठवड्याभरात हात पुन्हा सैल सुटतो. रोजचं वाटणच बदलायचं. मी हे असं करते:

काळे वाटाणे रात्री भिजवून सकाळी मऊ शिजवते आणि त्यातले अर्धी वाटी बाजूला काढते. दोन कांदे उभे चिरून कोरड्या बिडाच्या तव्यावर भाजायचे. चिकटायला लागले की पाण्याचा हबका मारायचा, तेल नाही. कडा काळपट आणि मध्ये तांबूस होईपर्यंत थांबा. घाई केलीत तर रस गोडसर होतो आणि सगळे दोष नारळ नसल्याला देतात. त्याच तव्यावर धणे, बडीशेप, मिरी, चार-पाच बेडगी मिरच्या आणि चमचाभर तीळ भाजून घ्या. दोन चमचे डाळं आधी कोरडंच अगदी बारीक दळा. हे मी सुरुवातीला ओल्या वाटणात टाकायचे आणि उसळ कचकच लागायची. मग सगळं एकत्र करून, काढून ठेवलेले वाटाणे घालून, गंधासारखं वाटा.

रस तुम्हाला हवा त्याहून पातळ ठेवा, कारण डाळं आणि वाटाणे निवताना घट्ट होतात. नारळासारखा तवंग आपोआप येणार नाही. त्यासाठी दोन चमचे शेंगदाणा तेल गरम करून, आच बंद करून त्यात मालवणी मसाला घालायचा आणि ती फोडणी वरून ओतायची. काजूचं वाटण करून पाहिलं, ते हॉटेलातल्या भाजीसारखं लागतं. नुसत्या दाण्याच्या कुटाने काळ्या वाटाण्याची चव मरते.

सोलकढीच्या जागी फुटी कढी करा. कोकमाचं आगळ, पाणी, मिरची, लसूण, कोथिंबीर, मीठ. माझ्या सासूबाईंना पहिले दोन महिने ती पचनी पडली नाही, आता त्याच आधी मागतात.

गणपतीत मोदक खा, ऋषीच्या भाजीत नारळ घाला. सणाच्या नारळाने काही होत नाही. रोजचा नारळ सुटला पाहिजे.

हीच गत पामतेलाची. त्यात जवळपास निम्मं सॅच्युरेटेड फॅट असतं आणि खारी, टोस्ट, बिस्किटं, फरसाण यांत ते सर्रास असतं. पाकिटाच्या मागे पाम किंवा पामोलिन लिहिलेलं दिसलं तर परत ठेवा. ‘व्हिगन’, म्हणजे दुधाशिवायचं, म्हणून मिळणारं चीज आणि आइस्क्रीमही उलटून वाचा, बरीचशी खोबरेलावर केलेली असतात. घरातलं तेल आम्हा दोघांना महिन्याला एक लिटर, त्याच्या वर नाही.

पायरी ४ : बुळबुळीत आणि चिकट पदार्थ वाढवा

टोरंटो विद्यापीठाच्या डेव्हिड जेनकिन्स यांनी २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना महिनाभर ओट्स, जव, सोया, बदाम, इसबगोल आणि वनस्पतींतल्या स्टेरॉलचं (कोलेस्टेरॉल आतड्यात शोषलं जाणं अडवणाऱ्या घटकाचं) लोण्यासारखं मार्जरीन असा शाकाहार दिला. भाज्यांत आपली भेंडी आणि वांगी होती. एलडीएल २९ टक्क्यांच्या आसपास उतरलं, जवळपास त्या वेळच्या कोलेस्टेरॉलच्या गोळीइतकं. पण ते जेवण आयतं पुरवलेलं होतं. २०११ साली लोकांना फक्त सल्ला देऊन घरी स्वतः करायला सांगितलं, तेव्हा सहा महिन्यांत १३-१४ टक्के फरक पडला. घरच्या घरी तुम्ही हाच आकडा मनात धरा, म्हणजे निराश व्हायला नको.

या पदार्थांतला पाण्यात विरघळणारा चोथा (फायबर) आतड्यात पित्तरसाला धरून बाहेर नेतो. नवं पित्त करायला यकृताला रक्तातलं कोलेस्टेरॉल उचलावं लागतं. भेंडीचा बुळबुळीतपणा घालवायला आपण ती तेलात परतत बसतो, तो बुळबुळीतपणाच कामाचा. कोकम आणि थोडं पाणी घालून झाकण ठेवून शिजवा. रोज एक वाटी शिजलेलं कडधान्य, आठवड्यातून दोनदा कुळथाची पिठी, मूठभर बदाम किंवा शेंगदाणे. ओट्स खाणार असाल तर कोरडे ७५ ग्रॅम, चमचाभर टाकून उपयोग नाही. इसबगोल भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि गोळ्यांपासून दोन तास लांब ठेवा. कडधान्य एकदम वाढवू नका, पोट फुगतं.

आणि साबुदाणा, मैदा, साखर यांनी पोट भरू नका. रक्तातली दुसरी चरबी, ट्रायग्लिसराइड, वर जाते.

पायरी ५ : बी-१२

दूध, अंडी, मासे बंद केल्यावर बी-१२ गोळीतूनच घ्यावं लागतं. डॉक्टरांना विचारून मात्रा ठरवा. पालेभाज्यांतून आणि स्पिरुलिनातून (शेवाळाच्या पुडीतून) ते भागतं असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. पायाला मुंग्या येईपर्यंत थांबलेली माणसं मी पाहिली आहेत.

पायरी ६ : तीन महिन्यांनी पुन्हा तपासा

त्याच लॅबमध्ये, १२ तास उपाशी राहून. आकडा हलला नसेल तर सात दिवस जे जे तोंडात गेलं ते वहीत लिहा, कढीपत्त्याच्या चटणीत घातलेलं खोबरंसुद्धा. वहीतही काही सापडलं नाही तर टीएसएच ही थायरॉइडची रक्त तपासणी करून घ्या. थायरॉइड मंद असेल तरी एलडीएल चढतं, आणि तो मंद असेल तर आधी त्याचे उपचार सुरू करावे लागतात.