जुन्या पिकअपचा सायलेन्सर बदलताना: पुढच्या नटापासून टेलपाइपपर्यंत

कोकण किनाऱ्यावर मासळी वाहणाऱ्या पिकअपचा सायलेन्सर देशावरच्या गाडीच्या आधी जातो. हौद्यातून ठिबकणारं बर्फाचं खारट पाणी सायलेन्सरच्या तापलेल्या डब्यावर पडत राहतं आणि पत्रा बाहेरून खातं. गंज आतूनही चालू असतो. एक लिटर डिझेल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं आणि वाफ होऊन याच पाइपातून बाहेर पडतं. लांब पल्ल्यावर पाइप पूर्ण तापतो, वाफ निघून जाते. गावातल्या गावात दोन-तीन किलोमीटरच्या खेपा मारणाऱ्या गाडीत ती मागच्या गार डब्यात साचते आणि डिझेलमधल्या गंधकामुळे आम्लधर्मी होते. म्हणून आधी मागचा डबा आणि टेलपाइप, म्हणजे त्याच्या मागचं शेवटचं नळकांडं, सडतो, पुढचा पाइप बराच काळ टिकतो.

इथे सांगितलेली पद्धत पाट्यांच्या स्प्रिंगवर चालणाऱ्या जुन्या डिझेल पिकअपसाठी आहे: बोलेरो पिकअप, टाटा २०७ या जातीच्या गाड्या. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीच्या एक्झॉस्टमध्ये सेन्सर असतात, ते काम वेगळं. जुन्या गाडीतही मूळचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) असेल तर तो काढून तिथे साधा पाइप घालू नका. तो बेकायदा फेरफार ठरतो, आणि हवा व आवाजाच्या प्रदूषणासाठी मोटार वाहन कायद्यात पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

काय बदलायचं ते आधी ठरवा. गार गाडीखाली शिरून पाइपावर आणि डब्यावर पान्याने हलकं ठोका. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला बद्द. फ्लँजभोवती (दोन पाइप नटांनी जोडणाऱ्या चकतीभोवती) काळी काजळी दिसली तर तिथून गळती आहे. सकाळी गार इंजिन चालू केल्यावर पुढून टकटक येते आणि इंजिन तापल्यावर कमी होते, तर मॅनिफोल्डचं (इंजिनातला धूर गोळा करून पाइपात सोडणाऱ्या भागाचं) पॅकिंग किंवा एखादा स्टड (नट बसतो तो बिनडोक्याचा बोल्ट) गेलेला असतो. पुढचा पाइप दर वेळी एकाच जागी तडकत असेल तर इंजिनाचे माउंटिंग रबर आधी तपासा. रबर दबून निकामी झालं की इंजिन जास्त हलतं आणि तो सगळा झटका पाइपाला सोसावा लागतो. अशा वेळी नवा पाइपही तिथेच तुटणार.

सामान घेताना नुसतं मॉडेलचं नाव सांगून भागत नाही. एकाच नावाच्या पिकअप वेगवेगळ्या हौद्याच्या लांबीत येतात आणि त्याप्रमाणे पाइपाची लांबी बदलते, म्हणून चॅसी नंबर देऊनच मागा. प्रत्येक जोडाला नवं पॅकिंग, पाइप लटकवणारे सगळे हँगर रबर, पुढच्या फ्लँजचे स्टड आणि तांब्याचा मुलामा दिलेले किंवा पितळी नट घ्या. पितळी नट उष्णतेने पकडत नाही, पुढच्या वेळी सरळ सुटतो. साधा स्प्रिंग वॉशर इथे नको, त्या तापात त्याचा ताण मरतो. फॅब्रिकेटरकडून पाइप बनवून घेणार असाल तर १६ गेजची, म्हणजे साधारण १.६ मिमी जाडीची काळी नळी सांगा. पाण्याची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली) नळी वेल्डिंगला घेऊ नका, जस्ताच्या धुराने वेल्डर तापाने आजारी पडतो. वाक चपटा झालेला पाइपही परत करा. टर्बो इंजिनाला तो घुसमटवतो.

आदल्या संध्याकाळी सगळ्या नटांवर तारेचा ब्रश मारून गंज सोडवणारं तेल फवारा. पुढच्या नटांना रात्रीतून दोन-तीनदा द्या. खरं काम यातच आहे. पुढच्या फ्लँजचे नट जितके निवांत सुटतील तितका दिवस हलका जातो.

सकाळी गाडी पक्क्या, सपाट जमिनीवर रिकामी उभी करा. हँडब्रेक ओढा, गिअर टाका, चाकांना दोन्हीकडून उटी (अडसराचे ठोकळे) लावा. चॅसीखाली घोड्या (लोखंडी आधार) लावल्याशिवाय अंग आत घालायचं नाही, नुसत्या जॅकवर कधीच नाही. डोळ्यांना बंद बाजूंचा चष्मा लागतो, कारण झोपून काम करताना गंजाची खपली सरळ डोळ्यात पडते. स्टेपनी मागे हौद्याखाली असेल तर ती आधी उतरवा, टेलपाइपापर्यंत हात जायला जागा होते. बॅटरीची निगेटिव्ह तारही सोडून ठेवा.

जुनं सगळंच टाकायचं असेल तर ते अख्खं काढायच्या भानगडीत पडू नका. ॲक्सलवरून जाणारा पाइप तसा निघतही नाही. ग्राइंडरने दोन-तीन ठिकाणी कापा: पुढच्या फ्लँजच्या वीतभर मागे, डब्याच्या पुढे आणि ॲक्सलच्या अलीकडे. ठिणग्या डिझेल टाकी, डिझेलची नळी, ब्रेकची नळी आणि वायरिंगपासून दूर जातील असं बघा आणि वाळूची बादली जवळ ठेवा. पाइप कापला की पुढच्या नटावर गोटी पाना (सॉकेट) सरळ बसायलाही जागा होते.

आता पुढचे नट. सहसा १३ किंवा १७ चा पाना लागतो. सहा कोनांचा सॉकेटच वापरा, बारा कोनी सॉकेट गंजलेल्या नटाचे कोपरे गोल करतो. आधी नट किंचित आवळायच्या दिशेला दाबा. ‘कट्’ करून गंज तुटल्याचा आवाज येतो, मग उलटा फिरवा. पाव फेरा सोडला की अर्धा पाव परत आवळा, तेल द्या, पुन्हा सोडा. नट फिरताना चिवट, रबरासारखा लागला तर थांबा, कारण नटाऐवजी स्टड पिळतोय. अशा वेळी नट गॅसने लाल करून थोडा निवल्यावर पाना लावा. डिझेलची नळी जवळ असेल तर आग नको. धारदार छिन्नी नटाच्या सपाट बाजूवर स्टडच्या रेषेत उभी धरा आणि नट चिरून उघडा. स्टडचे आटे शाबूत राहतात.

स्टड तुटलाच आणि थोडा वर असेल तर त्यावर नवा नट वेल्ड करून फिरवा. वेल्डिंगच्या उष्णतेनेच तो बहुधा सैल होतो. आत तुटला असेल तर बरोबर मधोमध पंच मारून ड्रिल करावं लागतं: ८ मिमीच्या १.२५ आट्याला (दोन आट्यांमधलं अंतर १.२५ मिमी) ६.८ मिमी, १० मिमीच्या १.५ आट्याला ८.५ मिमी ड्रिल, मग टॅपने नवे आटे. ड्रिल तिरकं गेलं तर मॅनिफोल्डच वाया जातो, म्हणून हात स्थिर नसेल तर एवढं काम लेथवाल्याकडून करून घ्या.

नवा पाइप चढवण्याआधी जुने तुकडे जमिनीवर जोडून नव्याशेजारी मांडा. भोकांचं अंतर, फ्लँजचा कोन, हुकांची दिशा जुळते का ते पाहा. मॅनिफोल्डच्या तोंडावरचं जुनं पॅकिंग पूर्ण खरवडा. पॅकिंगवर सिलिकॉन लावू नका, पुढच्या तापात ते जळून जातं. एक्झॉस्ट पेस्ट फक्त एकात एक सरकणाऱ्या जोडांना.

जोडणी पुढून मागे करा, पण सगळे नट आधी नुसते हाताने. स्टडला कॉपर ग्रीस लावा. रबरं साबणाच्या पाण्यात बुडवली की हुकावर पटकन चढतात, ऑइल लावलं तर फुगून फाटतात. सगळं लटकल्यावर पाइप हाताने हलवून मधोमध आणा, मग पुढून मागे आवळत या: ८ मिमीच्या नटाला साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर, १० मिमीच्या नटाला ४० च्या आसपास. समोरासमोरचे नट थोडेथोडे आळीपाळीने आवळा, नाहीतर फ्लँज तिरका बसतो आणि पॅकिंग एका बाजूने फुंकतं.

पिकअपमध्ये सर्वांत जास्त चुकतं ते ॲक्सलवरचं अंतर. गाडी चॅसीवर उचलली की ॲक्सल खाली लोंबतो आणि पाइपाला भरपूर जागा दिसते. दीड टन माल भरला की पाट्या सपाट होतात, ॲक्सल वर येतो आणि खड्ड्यात पाइपावर आदळतो. म्हणून मागचं पक्कं आवळण्याआधी गाडी चाकांवर उतरवा. ॲक्सल आणि बंप स्टॉपच्या (ॲक्सल वर येताना अडवणाऱ्या ठोकळ्याच्या) रबरामधलं अंतर मोजा, मग ॲक्सल आणि त्याच्या वरच्या पाइपामधलं. दुसरं अंतर पहिल्यापेक्षा निदान २५ मिमी जास्त हवं, कारण रबर दबलं की ॲक्सल आणखी वर सरकतो. हँडब्रेकची केबल, मागची ब्रेकची नळी आणि वायरिंग पाइपापासून दूर बांधा. डिझेलच्या नळीपासून ३५ मिमी अंतर तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतच आहे; जमेल तिथे त्याहून जास्त ठेवा.

गाडीवरच वेल्डिंग करायचं झालं तर अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या जागेजवळ, पाइपालाच लावा. चॅसीच्या दुसऱ्या टोकाला लावला तर करंट टर्बो किंवा गिअरबॉक्सच्या बेअरिंगमधून वाट काढतो.

इंजिन मोकळ्या जागेत चालू करा. टेलपाइपवर ओलं, जाड फडकं क्षणभर दाबून धरा: जोड गळत असेल तर तिथे फुसफुस ऐकू येते. नव्या पाइपावरचं तेल आणि रंग जळून थोडा धूर निघेल, तो दहा-पंधरा मिनिटांत थांबायला हवा. शंभरेक किलोमीटर चालल्यावर, पूर्ण गार असताना, सगळे नट एकदा पुन्हा आवळा. नवं पॅकिंग या काळात दबतं, आणि हे राहून गेलं की महिन्याभरात तीच टकटक परत येते. मासळीच्या गाडीला हौदा धुताना रोज खालूनही गोड्या पाण्याचा पाइप मारा, मात्र डबा गार झाल्यावरच.