बोलोन्यात खायला जाताना गाइडबुक कसं वाचायचं

खाण्याचं गाइडबुक घेऊन इटलीतल्या बोलोन्या शहरात उतरलेली बरीच मंडळी पुस्तकातलं सगळ्यात नावाजलेलं ठिकाण शोधतात आणि दुपारी तीनला तिथे पोचतात. शटर खाली असतं. मग भुकेपोटी चौकातल्या पहिल्या फोटोवाल्या मेनूसमोर बसतात. यात दोष पुस्तकाचा नसतो. पुस्तकात वेळ, सुट्टी, आसनं, किंमत सगळं छापलेलं असतं, पण लोक नाव आणि पत्ता एवढंच वाचतात.

आधी आवृत्ती बघा. इटलीतली वार्षिक गाइडं साधारण शरद ऋतूत येतात आणि कव्हरवर पुढच्या वर्षाचा आकडा असतो. म्हणजे 2025 छापलेल्या पुस्तकातली पाहणी 2024 किंवा त्याआधीची. दोन वर्षं जुनं पुस्तक पदार्थ समजून घ्यायला चालतं, किंमत आणि सुट्टीचे वार यांच्यासाठी नाही. जागा तीच राहते, पाटी तीच राहते, पण मालक बदलतो आणि त्याच्याबरोबर स्वयंपाकघरही. म्हणून निवडलेल्या प्रत्येक ठिकाणाचे ताजे तपशील फोनवर एकदा पडताळून घ्या.

खुणांचे अर्थ प्रत्येक गाइडात वेगळे. स्लो फूड या संस्थेच्या ओस्तेरिया-गाइडात (ओस्तेरिया म्हणजे जुन्या धाटणीचं साधं खाण्यापिण्याचं ठिकाण) गोगलगायीची खूण असते. स्थानिक पदार्थ, रास्त दर आणि जुन्या ओस्तेरियाचं वातावरण हे तिन्ही जुळलेल्या जागांना ती मिळते. शेजारी बाटली दिसली तर तिथली वाइनची यादी चांगली. गांबेरो रोस्सो हे गाइड रेस्तराँना काटे देतं आणि त्रात्तोरियांना, म्हणजे घरगुती खाणावळींना, कोळंब्या. मिशेलिन गाइडातले तारे महागड्या जेवणासाठी बघा. कमी पैशात चांगलं खायचं तर त्याच पुस्तकातली बिब गुरमाँची खूण शोधा. दारावरच्या ‘ओस्तेरिया’ या पाटीवर मात्र विसंबू नका, ती कुणीही लावतं.

एकेका नोंदीत चार गोष्टी पेन्सिलीने अधोरेखित करा. पहिली, ‘कियूझो’ (बंद) या शब्दापुढचे वार. रविवार संध्याकाळ आणि सोमवार ही जोडी वारंवार भेटते. दुसरी, ‘फेरिए’ म्हणजे वार्षिक सुट्टी. 15 ऑगस्टच्या फेर्रागोस्तो या सणाच्या आगेमागे कितीतरी जागा दोन-तीन आठवडे बंद असतात, त्यामुळे खाण्यासाठी बोलोन्याला जायचं तर ऑगस्ट टाळा. तिसरी, ‘कोपेर्ती’ म्हणजे आसनं. 30-40 आसनांच्या जागी शुक्रवार-शनिवारी आयत्या वेळी टेबल मिळेल ही आशा सोडा आणि आधी बुकिंग करा. चौथी, किंमत. पुढे ‘वीनी एस्क्लूझी’ असेल तर तो आकडा वाइन सोडून पूर्ण जेवणाचा आहे. एक पास्ता आणि एक भाजी घेतली तर बिल त्याहून बरंच कमी होतं.

गावाचं नावही वाचा. स्लो फूडचं पुस्तक प्रदेश आणि त्याखाली गाव अशा क्रमाने लावलेलं असतं. बोलोन्याच्या आसपासच्या टेकड्यांवरच्या छान छान जागा वेगळ्या गावांखाली येतात, आणि रात्री जेवून परतायला तिथून बस असेलच असं नाही.

आता खरं काम. हॉटेलं निवडण्याआधी पदार्थांची यादी करा आणि प्रत्येक पदार्थापुढे एक-दोन जागा लिहा. उलट्या बाजूने गेलं की तीन दिवस तीन नामांकित ठिकाणी एकच ताल्यातेल्ले (चपट्या पट्ट्यांचा पास्ता) खाल्ली जाते.

बोलोन्याची यादी फार लांब नाही. ताल्यातेल्ले आल रागू, म्हणजे मांसाच्या सॉसमधली ताल्यातेल्ले, पहिली. इथे तिचं मापसुद्धा नोंदवलेलं आहे: 1972 मध्ये चेंबर ऑफ कॉमर्समध्ये शिजलेल्या पट्टीची रुंदी 8 मिलिमीटर अशी नोंद झाली आणि सोन्याचा नमुनाही ठेवला गेला. रागूची कृती 1982 मध्ये त्याच ठिकाणी नोंदवली गेली आणि 2023 मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. जुन्या नोंदीत 300 ग्रॅम बीफला 150 ग्रॅम पान्चेत्ता (डुकराच्या पोटाचं खारवलेलं मांस), थोडं गाजर, सेलरी, कांदा, वाइन आणि दूध आहे. टोमॅटो आहे, पण राज्य मांसाचं. ताटाचा अंदाज यावरून घ्या. चांगला रागू तपकिरीकडे झुकतो आणि पट्ट्यांना धरून बसतो. लालभडक रस ताटाच्या तळाशी साचला असेल, तर शिजवायला वेळ दिलेला नाही. आणि मेनूवर ‘स्पागेत्ती बोलोन्येसे’ ठळक दिसलं तर सरळ बाहेर पडा. तो पदार्थ पर्यटकांसाठीच लिहिलेला असतो.

मग तोर्तेल्लीनी इन ब्रोदो. डुकराचं मांस, प्रोशुत्तो (खारवून वाळवलेली डुकराची मांडी), मोर्तादेल्ला (डुकराच्या मांसाचं जाड सॉसेज), पार्मिजानो चीज आणि जायफळ भरलेल्या नखाएवढ्या पुरचुंड्या, मांसाच्या स्वच्छ रश्शात. क्रीममधले तोर्तेल्लीनीही मिळतात आणि वाईट लागत नाहीत, पण पहिल्यांदा खाताना रश्शातलेच मागवा. क्रीमखाली सारणाची चव दबते. याशिवाय पालकाच्या हिरव्या पट्ट्यांचं लाझान्ये, ब्रेडचा चुरा आणि पार्मिजानोचे पास्सातेल्ली, प्रोशुत्तो आणि चीज घातलेली कोतोलेत्ता (मांसाचा तळलेला काप), शेवटी आल्केर्मेस या लिकरने लाल झालेली त्सुप्पा इंग्लेझे ही गोड डिश.

एवढं दोन दिवसांत मावत नाही असं वाटेल. ‘बीस दि प्रीमी’ असेल तर घ्या: एकाच ताटात दोन पास्ता, अर्धे-अर्धे. नसेल तर ‘मेद्झा पोर्त्स्योने’ म्हणून अर्धी प्लेट मागून बघा. बरेच जण देतात, सगळे नाही.

शाकाहारी असाल तर इथे पुस्तकावर डोळे झाकून विसंबू नका, कारण नोंदी मांसाहारी माणसाच्या जिभेने लिहिलेल्या असतात. ‘सेन्झा कार्ने’ (मांसाशिवाय) म्हटलं तरी प्रोशुत्तोचे तुकडे येऊ शकतात. काहींच्या हिशेबी ते ‘मांस’ नाही. प्रोशुत्तो नको, मांसाचा रस्सा नको, हे वेगळं सांगा. ताज्या पास्त्यात अंडं असतंच, साधारण 100 ग्रॅम पिठाला एक. पार्मिजानो वासराच्या पोटातल्या रेनेट या विकराने जमवतात. क्रेशेन्तीने आणि पियादीना या इथल्या पोळ्या-पावांच्या पिठात अनेकदा ‘स्त्रुत्तो’, म्हणजे डुकराची चरबी असते, आणि कांदा-टोमॅटोच्या साध्याशा दिसणाऱ्या फ्रिज्जोनेतही पारंपरिक कृतीत तीच. अंडं आणि चीज चालत असेल तर रिकोत्ता (मऊ ताजं चीज) भरलेले तोर्तेल्लोनी, लोणी आणि सेजमधले, हा उत्तम पर्याय. तोर्तेल्लीनी आणि तोर्तेल्लोनी या नावांत एका स्वराचा फरक आहे आणि ताटात डुकराच्या मांसाचा, तेव्हा ऑर्डर देताना मेनूवर बोट ठेवून दाखवा.

दुपारचं जेवण साडेबारा ते अडीच, रात्रीचं साडेसातपासून पुढे. अधल्यामधल्या वेळेसाठी पुस्तकात बाजारांचं पान वेगळं असतं आणि ते दुर्लक्षित राहतं. पियात्सा माज्जोरे या मुख्य चौकाच्या पूर्वेला क्वाद्रिलातेरोच्या गल्ल्या आहेत. विया पेस्केरिए वेक्के आणि विया द्राप्पेरिए इथे सकाळी जा. मोर्तादेल्ला तोलून घ्या. इथलं माप ‘एत्तो’, म्हणजे 100 ग्रॅम. दोघांना चाखायला तेवढं पुरे. ‘सोत्तीले’ म्हणजे पातळ काप मागा. जाड कापात चरबीचे चौकोन दाताखाली येतात आणि पहिल्यांदा खाणारा बिचकतो. पाव आणि चीजचा तुकडा घेऊन जवळच्याच विकोलो रानोक्कीतल्या ओस्तेरिया देल सोलेत जा. 1465 चा वारसा सांगणाऱ्या या जागेत फक्त पेय विकतात, खाणं तुम्ही आणायचं. पेय मात्र घ्यावंच लागतं, आणि कागदी रुमाल सोबत असलेले बरे. भाजीपाला आणि फळं बघायची तर विया ऊगो बास्सीवरचं मेर्कातो देल्ले एर्बे, तेही सकाळीच.

कॉफी उभ्याने काउंटरवर प्या. टेबलावर बसलात की तीच कॉफी बऱ्याच ठिकाणी महाग होते. काही बारमध्ये आधी गल्ल्यावर पैसे भरून ‘स्कोन्त्रीनो’ (पावतीचा कागद) घ्यायचा आणि मग तो काउंटरवर दाखवायचा. तसं न करता उभे राहिलात तर कुणी तुमच्याकडे बघणार नाही, त्याचा राग मानू नका.

जेवणाच्या बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी साधारण 2-3 युरो दिसतील. हे पावाचं आणि टेबलाचं शुल्क आहे, ते मेनूवर छापलेलं असतं आणि त्यावर वाद घालून उपयोग नाही. पाणी बाटलीचंच येतं: ‘नातुराले’ साधं, ‘फ्रिद्झान्ते’ बुडबुड्यांचं. ‘सेर्वित्स्यो’ (सेवाशुल्क) वेगळा लावला असेल तर टिप देऊ नका. नसेल तरी सक्ती नाही, वरची नाणी ठेवली तरी चालतं.