धमनीचा व्यास सोनोग्राफीवर नीट कसा मोजायचा

आधी पेशंटला दहाएक मिनिटं शांत पडू द्या, आत्ताच चालत आलेल्या माणसाची धमनी आणि निवांत पडलेल्याची धमनी सारखी नसते. दंडातली धमनी बघायची तर ७ ते १२ मेगाहर्ट्झचा लिनिअर प्रोब (त्वचेवर टेकवायचा सरळ कडेचा भाग) घ्या, जेल भरपूर लावा आणि हात अगदी हलका ठेवा, दाबलंत तर गोल धमनी चपटी होते आणि आकडा तिथेच चुकतो.

पहिल्यांदा आडवा छेद, म्हणजे धमनी गोल दिसेल असा. जरासं दाबलं की शीर लगेच मिटते, धमनी मात्र ठोके देत राहते, झाली ओळख. मग तिला स्क्रीनच्या मधोमध ठेवून प्रोब हळूहळू ९० अंशात फिरवा, म्हणजे ती लांबीने दिसेल. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या खरंच, कारण बीम (प्रोबमधून निघणारा ध्वनिलहरींचा झोत) मध्यातून न जाता कडेने गेला तर व्यास कमी येतो आणि चित्र तरीही छान दिसतं म्हणून कळतही नाही. खूण एकच, वरच्या आणि खालच्या दोन्ही भिंतींवर आतल्या थराची बारीक पांढरी रेघ एकाच वेळी स्वच्छ दिसली पाहिजे.

गेन (चित्राचा उजळपणा) फार वाढवू नका, भिंती उगाच जाड दिसतात. ईसीजी जोडलेला असेल तर आर वेव्हवरची (ईसीजीच्या रेघेतल्या उंच टोकावरची) फ्रेम धरा, तेव्हा धमनी सगळ्यात बारीक असते. कॅलिपर (स्क्रीनवर अंतर मोजायच्या दोन खुणा) आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत, भिंतीला काटकोनात, आणि तीन ठोक्यांची सरासरी. दंडात साधारण ३ ते ५ मिमी येतं, म्हणजे अर्ध्या मिमीची चूकसुद्धा निदान १० टक्के झाली. नंतर परत मोजायचं असेल तर कोपरापासून किती सेंटिमीटरवर मोजलं ते लिहून ठेवा.