पानं फोल्डरात हलवताय? या चुका टाळा

रावेरच्या एखाद्या केळी व्यापाऱ्याची साइट घ्या. सगळी पानं एकाच जागी: केळी.एचटीएमएल, भाव.एचटीएमएल, संपर्क.एचटीएमएल. पत्ता सुटसुटीत हवा, तर प्रत्येक पानाला स्वतंत्र फोल्डर करायचं आणि आतल्या फाइलचं नाव इंडेक्स.एचटीएमएल ठेवायचं. फोल्डरचा पत्ता दिला की सर्व्हर, म्हणजे साइट ज्यावरून दिसते तो संगणक, हीच फाइल दाखवतो. मग पत्ता नुसता /केळी/ होतो. काम सोपं आहे, घाईनेच बिघडतं.

पहिला बिघाड ठरलेला: पान उघडतं, फोटो गायब. पानात फोटोचा पत्ता ‘फोटो/घड.जेपीजी’ असा लिहिलेला असतो. पान आत गेलं की ब्राउझर तोच फोटो /केळी/फोटो/ मध्ये शोधतो. मग नवशिके फोटोंचं अख्खं फोल्डर प्रत्येक नव्या फोल्डरात कॉपी करतात. कृपा करून हे करू नका. उद्या एक फोटो बदलला की पाच ठिकाणी जुनाच राहतो. पत्त्याच्या सुरुवातीला स्लॅश द्या: /फोटो/घड.जेपीजी. मग तो साइटच्या मुळापासून मोजला जातो. मेनूतल्या लिंका आणि स्टाइलशीटची (पानाची सजावट ठरवणाऱ्या फाइलची) लिंकही तशीच बदला. स्टाइलशीटच्या आतले पत्ते मात्र राहू द्या, ते पानापासून नाही, त्या फाइलच्या जागेपासून मोजले जातात. स्लॅश दिल्यावर फाइलवर डबल क्लिक करून तपासता येत नाही. संगणकावर पायथन या प्रोग्रामिंग भाषेसोबत येणारा छोटा सर्व्हर चालवा आणि ब्राउझरमध्ये ८००० पोर्टवर (लोकलहोस्ट:८०००) पाहा.

दुसरी चूक महाग पडते. केळीच्या खोक्यांवर जुन्या पत्त्याचा क्यूआर कोड छापलेला असतो. माल गाडीत भरून उत्तरेकडे निघालेला, आणि इकडे कुणीतरी जुनी फाइल पुसलेली. दिल्लीतला खरेदीदार कोड स्कॅन करतो, समोर ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’. छापलेलं खोकं परत बोलावता येत नाही! म्हणून पान हलवण्याआधी जुन्या पत्त्यांची यादी वहीत उतरवा. सर्व्हरवर अपाचे हे सॉफ्टवेअर असेल तर .एचटीअॅक्सेस या सेटिंगच्या फाइलमध्ये दर पानामागे जुन्या पत्त्यावरून नव्यावर पाठवणारी एक ओळ लिहा: रीडायरेक्ट ३०१, मग जुना पत्ता /केळी.एचटीएमएल, मग नवा /केळी/. आधी ३०२ (तात्पुरता बदल) लावून तपासा, कारण ३०१ (कायमचा बदल) ब्राउझर लक्षात ठेवतो आणि चुकीची ओळ सुधारली तरी त्याच चुकीच्या जागी नेत राहतो. जुना पत्ता नुसता /केळी लिहू नका. ही आज्ञा सुरुवात जुळली की लागते, /केळी/ चीही सुरुवात तीच, त्यामुळे पान गोल फिरत राहतं. शेवटचा स्लॅश सर्व्हर स्वतःच जोडतो.

फाइलचं नाव मोठ्या अक्षराने सुरू करू नका. विंडोजवर लहान-मोठं अक्षर एकच धरलं जातं, लिनक्स सर्व्हरवर नाही.

नावात मोकळी जागा नको, जोडरेघ वापरा.

फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर कशाला? दोन पातळ्या भरपूर झाल्या.

इथे समजायला सोपं म्हणून नावं देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्षात रोमन अक्षरं घ्या. ‘केळी’ हा शब्द पत्त्यातून कॉपी केला की टक्केचिन्हांसह ३६ अक्षरांचा होतो, आणि तो फोनवर कुणाला सांगता येत नाही.