ग्रामसभा ओस का पडते? विस्तार कार्यकर्त्यांनो, या चुका टाळा

शेतीशाळेला बांधावर गर्दी होते आणि त्याच गावाच्या ग्रामसभेला सतरंज्या रिकाम्या राहतात. "लोकांना पडलेलीच नाही" असं म्हणून आपण मोकळे होतो. हे मला पटत नाही. बऱ्याचदा चूक आपल्या आखणीत असते.

सगळ्यात मोठी चूक वेळेची. बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा भागातली ऊसतोड कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन गाव सोडतात आणि उन्हाळ्यातच परततात. तिथं रोजगार हमी किंवा पाणलोटाच्या कामांचा विषय 26 जानेवारीला काढला, तर ज्यांना ती कामं हवीत तेच गावात नसतात. ऊसतोडीची टोळी कधी निघणार, हे मुकादमाला, म्हणजे ती नेणाऱ्या कंत्राटदाराला, आधीच विचारा. 2 ऑक्टोबरच्या सभेत मागण्या नोंदवा, 1 मेच्या सभेत त्यांचं काय झालं ते सगळ्यांसमोर विचारायला लावा.

दुसरी गोष्ट गणपूर्तीची, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान हजेरीची. एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 मतदार, यातला कमी आकडा लागतो. तेवढी माणसं आली नाहीत की सभा तहकूब होते आणि लोकांना वाटतं, बारगळली. पण तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही! मोजक्या माणसांत ठराव होऊन जातात. म्हणून तहकूब सभेची तारीखही वस्तीवर, तांड्यावर जाऊन सांगा.

बचत गटाची बैठक झाली म्हणजे महिला सभा झाली, असं धरू नका. नियमित ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी, असं कायदाच सांगतो. बायकांनी मांडलेला पाण्याचा विषय इतिवृत्तात उतरला का, ते बघा.

बैठक कायम सरपंचांच्याच ओट्यावर नको, दुसरा गट तिथं पाय ठेवत नाही. शाळा किंवा पार बरा.

आणि लोकांचा अर्ज आपण लिहू नये. पाझर तलावातल्या गाळाचा ठराव एका गावात मीच लिहून दिला होता, पाठपुरावाही मीच केला. माझी बदली झाली आणि तो विषय तिथंच थांबला, कारण कागद कुठं दिलाय हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. आता अर्ज गावातलीच मुलं लिहितात, पोच त्यांच्याकडेच राहते. मी फक्त शेजारी बसतो.