वजन जास्त आणि मूतखड्याचं ऑपरेशन? या चुका टाळा

आमचे भाऊजी ठाण्याच्या नौपाड्यात राहतात. वजन 108 किलो, उजव्या किडनीत 22 मिलिमीटरचा खडा. ‘आधी पंधरा किलो उतरवतो, मग बघू’ म्हणत आठ महिने उपवन तलावाला फेऱ्या मारल्या. उतरले तीन किलो. खडा कुठेच गेला नव्हता; शेवटी कळ आणि थंडीताप एकदमच आले. खड्याने लघवी अडलेली असताना ताप म्हणजे त्याच दिवशी दवाखाना, ‘सकाळी बघू’ नाही.

पहिली चूक ही वाट पाहण्याचीच. जाड माणसांत ऑपरेशनला वेळ जास्त लागतो, पण पाठीतून दुर्बिणीने खडा काढल्यावर गुंतागुंत बहुतेकदा इतरांइतकीच असते. फार मोठा लठ्ठपणा असेल तर खडा पूर्ण निघण्याची शक्यता थोडी कमी होऊ शकते, एवढंच.

वजन खरं आडवं येतं ते बाहेरून शॉकवेव्हने खडा फोडताना. ‘शेजारच्यांचा बिनटाक्याचा फुटला, माझाही तसाच फोडा’ हा हट्ट धरू नका. त्वचेपासून खड्यापर्यंतचं अंतर 10 सेंटिमीटरच्या वर गेलं की या उपायाला यश कमी येतं. हे अंतर सीटी स्कॅनवर मोजता येतं, तेव्हा ते डॉक्टरांना विचाराच. नुसता वजनकाटा ते सांगत नाही. लघवीच्या मार्गाने वर जाणाऱ्या लेसरच्या दुर्बिणीचा मात्र पाठीच्या चरबीशी संबंधच येत नाही, म्हणून 2 सेंटिमीटरपर्यंतच्या खड्याला जाड माणसासाठी ती बरी. त्याहून मोठ्याला सहसा पाठीतून छिद्र. पालथं झोपवल्यावर पोट दबून श्वासाला त्रास होतो, म्हणून ‘उताणं झोपवून करता का? पाठीच्या चरबीतून खड्यापर्यंत पोहोचेल अशी लांब नळी तयार असेल ना?’ असं आधीच विचारा. भाऊजींना विचारायला संकोच वाटला, ताईने विचारलं.

भूलतज्ज्ञापासून काही लपवू नका. घोरणं, झोपेत श्वास अडकणं, आणि हल्ली वजन घटवायला आठवड्याला घेतात ती सेमाग्लुटाइडची इंजेक्शनं. त्यांनी पोट उशिरा रिकामं होतं, त्यामुळे उपाशी राहूनही अन्न आत असू शकतं आणि भूल देताना ते फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. स्वतःच्या मनाने बंदही करू नका, फक्त सांगा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचंही तेच.

नंतरची चूक म्हणजे घाईघाईचं कीटो, म्हणजे भात-पोळी जवळपास बंद करायचा आहार. मांसाहाराचा मारा लघवी आम्ल करतो. लठ्ठपणा आणि मधुमेहात ती आधीच आम्ल असते, यूरिक ॲसिडचे खडे त्यातच धरतात. वजन सावकाश उतरवा आणि दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्या. मे महिन्यात घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये घामाघूम होणाऱ्यांनी तर जास्तच.

ऑपरेशननंतर लघवी वाहती राहावी म्हणून आत ठेवलेला स्टेंट, म्हणजे बारीक नळी, काढायचा विसरला तर त्याच्यावरच खडे चढतात. ताईने भाऊजींचा स्टेंट काढायची तारीख फ्रिजवर लाल पेनाने लिहून ठेवली होती. भाऊजी त्या दिवशीही विचारत होते, ‘पुढच्या आठवड्यात गेलो तर?’