जंक मेल ओळखायला थंडरबर्डला शिकवावे कसे?

नको असलेली पत्रे रोज एकेक करून पुसत बसण्यापेक्षा ते काम संगणकावर सोपवणे केव्हाही चांगले. मात्र अशी पत्रे वेगळी काढणारी गाळणी चालू केली की आपले काम संपले, असे समजणाऱ्यांची फसगत होते. मोझिलाच्या थंडरबर्ड या मोफत ईमेल प्रोग्रॅममधली गाळणी सुरुवातीला कोरी असते आणि आपल्या टपालातले कामाचे कोणते, टाकाऊ कोणते, हे तिला आपणच दाखवून द्यावे लागते.

प्रथम 'अकाउंट सेटिंग्ज' उघडून आपल्या खात्याखालील 'जंक सेटिंग्ज'मध्ये जावे आणि शिकणारी गाळणी चालू करण्याच्या चौकोनात खूण करावी. अ‍ॅड्रेस बुकातील व्यक्तींची पत्रे जंक ठरवू नयेत, अशी सोय तिथेच असते. तीही चालू ठेवावी. मात्र त्या अ‍ॅड्रेस बुकात स्वतःचा पत्ता असेल तर तो आधी काढून टाकावा, कारण स्पॅम पाठवणारे पुष्कळदा प्रेषक म्हणून आपलाच पत्ता घालतात आणि असे पत्र मग गाळणीतून बिनदिक्कत सुटते. जंक ठरलेली पत्रे 'जंक' फोल्डरमध्ये हलवण्याचा पर्याय निवडावा, पण ती ठरावीक दिवसांनी आपोआप पुसण्याची सोय पहिले दोन महिने तरी बंदच असू द्यावी.

आता शिकवणी. इनबॉक्समधील टाकाऊ पत्र निवडून 'जे' ही कळ दाबली की ते जंक म्हणून नोंदले जाते; शिफ्टसह 'जे' दाबले की ते जंक नसल्याची नोंद होते. ही दुसरी नोंद बहुतेक जण करतच नाहीत, आणि माझ्या मते गाळणी बिघडण्याचे मोठे कारण हेच आहे. ही गाळणी बेज या गणितज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि प्रोग्रॅमर पॉल ग्रॅहम यांच्या 2002 मधील लेखामुळे प्रसिद्ध झालेल्या पद्धतीने चालते; तीत प्रत्येक शब्द जंक पत्रांत किती वेळा आला आणि चांगल्या पत्रांत किती वेळा, याची तुलना होते. 'कर्ज' हा शब्द लुबाडणाऱ्या जाहिरातीत येतो, तसा आपल्या पतसंस्थेच्या पत्रातही येतो; त्यामुळे एकच बाजू दाखवली तर गाळणीला फरक कळायचा कसा? टपाल पोहोचवणाऱ्या सर्व्हरवर वापरल्या जाणाऱ्या स्पॅमअ‍ॅसॅसिन या जंक गाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तर 200 जंक आणि 200 चांगली पत्रे पाहिल्याशिवाय या पद्धतीचा कौल मुळात धरलाच जात नाही.

'मेसेज फिल्टर्स'मध्ये स्वतःचे नियमही करता येतात, पण जंकसाठी ते जपून करावेत. प्रेषकाचा पत्ता अडवून फारसे साधत नाही, कारण तो दर वेळी बदलतो. विषयात 'ऑफर' असेल तर पत्र काढून टाकावे, असा नियम केला तर एखाद्याचे नोकरीचे ऑफर लेटरही त्यात जाईल. आपण मागवलेली वार्तापत्रे वेगळ्या फोल्डरमध्ये लावण्यासाठी मात्र हे नियम फार उपयोगी पडतात.

जीमेलचे खाते असल्यास गुगलची स्वतःची गाळणी थंडरबर्डच्या आधीच काम करते आणि तिने स्पॅममध्ये टाकलेली पत्रे 30 दिवसांनी कायमची पुसली जातात. खाते पॉप (फक्त आलेली पत्रे उतरवून घेणाऱ्या) पद्धतीने जोडले असेल तर तो स्पॅम फोल्डर थंडरबर्डमध्ये दिसतच नाही, म्हणून शक्यतो आयमॅप (सर्व्हरवरचे सगळे फोल्डर दाखवणाऱ्या) पद्धतीने जोडावे.

आठवड्यातून एकदा जंक फोल्डर चाळून चुकून अडकलेली पत्रे शिफ्टसह 'जे' दाबून सोडवावीत. जंक पत्र निसटून इनबॉक्समध्ये आले तर ते पुसायला एक क्षण लागतो. मुलाखतीचे बोलावणे जंकमध्ये पडून राहिले तर मात्र ती तारीख परत येत नाही. घरातल्या कुणी चुकीच्या खुणा केल्यामुळे गाळणी फारच भरकटली असेल, तर सेटिंग्जच्या जंक विभागातून शिकवणीची साठवलेली माहिती पुसता येते. त्यानंतर दोन्ही प्रकारची पत्रे तिला पुन्हा पहिल्यापासून दाखवावी लागतात.